मांसाहार सोडणे : वर्गात आणि घरात बोलायचा एक विषय



चौथीच्या परिसर अभ्यासात आहाराचा भाग शिकवताना एक प्रश्न दरवर्षी येतो. शब्द बदलतात, पण प्रश्न तोच असतो : "बाई, मासे खाणं पाप आहे का?" विचारणारं मूल बहुतेक वेळा स्वतः मासे खाणारं असतं. कुणीतरी त्याच्या डब्याकडे बघून नाक मुरडलेलं असतं, नाहीतर घरी आजोबांनी माळ घातलेली असते आणि आजी दोन वेगळ्या चुलींवर स्वयंपाक करायला लागलेली असते.

या प्रश्नाला "हो" म्हणावं तर वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आयांचा अपमान होतो. "नाही" म्हणून मोकळं व्हावं तर ज्या मुलाला खरोखरच कोंबडीची दया आली आहे त्याचं तोंड बंद होतं. "मोठे झाल्यावर कळेल" हे उत्तर तर शिक्षकाने देऊच नये. म्हणून मी या विषयाचा एक छोटा पाठच तयार केला. तो इथे सविस्तर देत आहे.

पाठाची उद्दिष्टे

१) माणसं मांसाहार का सोडतात याची कारणं मुलांना वेगवेगळी करून सांगता यावीत.
२) सवय, सक्ती, वचन आणि स्वतःचा विचार यांतला फरक मुलांना कळावा.
३) दुसऱ्याच्या ताटाचा मान राखून स्वतःचं मत मांडता यावं.

मुलांनी शाकाहारी व्हावं किंवा होऊ नये, हे या पाठाचं उद्दिष्ट नाही. ही गोष्ट पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाकावी.

आपल्या गावाचं ताट

शिरवणे हे मूळचं बेलापूर पट्टीतलं गाव. आज चहूबाजूंनी नेरूळ, जुईनगर, एमआयडीसी असं शहर उभं आहे, पण गावठाणात आगरी-कोळी घरं आहेत. शेती, मिठागर आणि खाडी यांवर इथल्या मागच्या पिढ्या जगल्या. भात शेतातलं, मीठ आगरातलं आणि मावरं खाडीतलं. जवळा, कोलंबी, निवट्या, चिंबोरी, पावसाळ्यासाठी वाळवून ठेवलेली सुकट आणि बोंबील, हे सगळं इथे चैनीचं खाणं नव्हतंच. ते रोजचं अन्न होतं. सिडकोसाठी जमिनी गेल्या, खाडी गढूळ झाली, पण चव राहिली.

आणि याच गावांमध्ये माळकऱ्यांची परंपराही तितकीच जुनी आहे. हरिनाम सप्ताह होतात, दिंड्या निघतात. एकाच घरात एक भाऊ एकवीरा आईच्या जत्रेला कोंबडं घेऊन जाणारा आणि दुसरा भाऊ गळ्यात तुळशीची माळ घालून कांदासुद्धा विचारून खाणारा, हे आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. म्हणून मांसाहार सोडणे ही बाहेरून आलेली फॅशन आहे असं आपल्या मुलांना सांगण्याचं कारण नाही, आणि मांसाहार म्हणजे मागासलेपणा असं सांगण्याचं तर मुळीच नाही. दोन्ही गोष्टी आपल्याच घरातल्या आहेत.

"सोडलं" या शब्दाचे चार अर्थ

फळ्यावर मी चार शब्द लिहिते : सवय, सक्ती, वचन, विचार. मग मुलांना विचारते, की तुमच्या घरात कोण काय खात नाही आणि का?

कुणाच्या घरी पिढ्यान्पिढ्या मांस शिजतच नाही. ती सवय. डॉक्टरांनी किंवा परवडत नाही म्हणून बंद झालं, ती सक्ती. श्रावण पाळला, मार्गशीर्षातले गुरुवार केले, माळ घातली, हे वचन. आणि प्राण्याला दुखतं हे पटलं म्हणून ताट बदललं, तो विचार.

हा फरक समजावून द्यायला गांधीजींच्या 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेसारखं उदाहरण नाही. शाळेत असताना एका मित्राच्या नादाने त्यांनी चोरून मांस खाल्लं. पहिल्या रात्री पोटात जिवंत बकरी ओरडते आहे असं त्यांना वाटत राहिलं. तरीही हा प्रकार पुढे अधूनमधून वर्षभर चालला, कारण मांस खाल्ल्याने शक्ती येते आणि इंग्रजांना हरवायचं तर ती हवी, असं त्यांना खरोखर पटलं होतं. मग त्यांनी ते सोडलं ते दयेपोटी नव्हे. आईशी खोटं बोलावं लागतं, हे सहन होईना म्हणून सोडलं. १८८८ साली विलायतेला जाताना आईला शब्द दिला, तेव्हा मांस वर्ज्य झालं ते वचनामुळे. तोवर मनात हेच होतं की खरं तर सगळ्यांनी मांस खायला हवं. लंडनमध्ये एका शाकाहारी खाणावळीत हेन्री सॉल्ट यांचं शाकाहाराची बाजू मांडणारं पुस्तक त्यांना मिळालं, ते त्यांनी वाचून काढलं, आणि तिथून पुढे ते स्वतःच्या निवडीने शाकाहारी झाले.

बघा, ताट तेच, पण कारण तीनदा बदललं. आधी सत्य, मग वचन, मग विचार. मुलांना हे सांगितलं की त्यांच्या लक्षात येतं : माणूस काय खात नाही यापेक्षा का खात नाही हे विचारलं, तर माणूस जास्त कळतो.

आपल्या मातीतली तीन उदाहरणं

पहिलं उदाहरण तेराव्या शतकातलं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानला जाणारा म्हाइंभटांचा 'लीळाचरित्र' यात चक्रधर स्वामींची एक आठवण आहे. शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला ससा धावत येतो आणि स्वामींच्या मांडीखाली लपतो. शिकारी ससा मागतात. जो आश्रयाला आला त्याला सोडून कसं द्यायचं, अशी स्वामींची भूमिका असते. इथे मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की स्वामी शिकाऱ्यांना हाकलून देत नाहीत, त्यांच्याशी बोलतात. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीला एका सशाच्या जिवाची ही चर्चा आहे, ही गोष्ट मुलांना फार आवडते.

दुसरं उदाहरण वारकऱ्यांचं. पंढरीची वारी, एकादशी, तुळशीची माळ, आणि माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, माळ जन्माने मिळत नाही. कोणत्याही जातीचा माणूस ती घेऊ शकतो, आणि ज्याची तयारी नाही त्याला कुणी जबरदस्तीने घालत नाही. दोन, माळ हा चारचौघांत दिसणारा शब्द आहे. हळदीच्या मांडवात कुणी आग्रह करायला आलं तर गळ्याकडे बोट दाखवलं की पुरे. निश्चय टिकवायला अशा खुणेचा किती उपयोग होतो, हे ज्याने काहीतरी सोडलं आहे त्यालाच कळेल.

तिसरं उदाहरण गाडगेबाबांचं (१८७६–१९५६). मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत द्यायची अशी त्यांच्या भावकीत रीत होती. तरुण डेबूजीने ती मोडली आणि गोडाचं जेवण दिलं. भावकी नाराज झाली, पण ते बधले नाहीत. पुढे आयुष्यभर कीर्तनातून त्यांनी नवसाच्या बोकडांविरुद्ध आणि कर्ज काढून घातलेल्या पंगतींविरुद्ध लोकांना जागं केलं. मुक्या प्राण्यांना अभय द्या म्हणणारे बाबा त्याच दमात भुकेल्याला अन्न द्या, असंही सांगत. त्यांच्या मनात बोकडाची दया आणि गरिबाच्या खिशाची काळजी वेगळी नव्हती. आपल्याकडच्या हळदी-लग्नांचा खर्च बघितला की हे उदाहरण जुनं वाटत नाही.

आजचं कारण : एका कागदाचा उपक्रम

पूर्वीची कोंबडी अंगणात फिरायची. आजचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मुलांना डोळ्यांनी दाखवता येतो.

प्रत्येक मुलाला ए-फोर आकाराचा एक कागद द्या. लांबी-रुंदी मोजायला सांगा. साधारण ३० सेंटीमीटर आणि २१ सेंटीमीटर. गुणाकार करून क्षेत्रफळ काढा : ६३० चौरस सेंटीमीटर. आता सांगा, की अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी आपल्या देशात २०२३ साली नियम झाले, त्यात पिंजऱ्यातल्या एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटीमीटर जागा द्यावी असं म्हटलं आहे. म्हणजे या कागदापेक्षा कमी. कागदाची एक पट्टी कापून उरलेला तुकडा बाकावर ठेवा आणि कोंबडीने त्यावर पंख पसरायचे कसे, ते मुलांनाच ठरवू द्या. वर्ग आपोआप शांत होतो. वेगळं भाषण करावं लागत नाही.

याच्या जोडीला दोन गोष्टी मोठ्या मुलांना सांगता येतात. मांसासाठी वाढवलेली ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापायला तयार होते. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लांचा उपयोग नसतो, म्हणून ती जन्मताच मारली जातात. दुसरी-तिसरीच्या मुलांना हे सांगू नये, भीती बसते.

आपल्या संविधानाच्या कलम ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं दिली आहेत. सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हेही त्यात आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालापासून आहे. म्हणजे प्राण्याला वेदना होते ही गोष्ट आता फक्त संतांच्या सांगण्यातली राहिलेली नाही, ती कायद्यानेही मानलेली आहे.

पर्यावरणाचं कारणही सांगावं, पण प्रामाणिकपणे. जगभरात माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सुमारे १४.५ टक्के पशुपालनातून येतात, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली दिला होता. त्यात मोठा वाटा गुरांचा आहे, आणि गुरं म्हटलं की दूधही आलंच. तेव्हा दुधाचा चहा पीत पीत मच्छी खाणाऱ्याला पर्यावरणाचा उपदेश करताना जरा सांभाळून बोलावं.

मुलांचे (आणि मोठ्यांचे) तीन प्रश्न

"झाडांनाही जीव असतो ना?" असतो. पण वेदना जाणवायला लागणारा मेंदू आणि मज्जासंस्था झाडाला नाही. आणि दुसरं, कोंबडी-बकऱ्याही धान्य नि पाला खाऊनच वाढतात. धान्य थेट खाल्लं तर एकूण झाडं कमीच लागतात.

"मग दुधाचं काय?" हा प्रश्न टाळू नका. खुद्द गांधीजींनी दूध न घेण्याचं व्रत केलं होतं. १९१८ मधल्या मोठ्या आजारपणानंतर ते शेळीच्या दुधावर आले, आणि ही तडजोड आपल्या मनाला टोचत राहिली, हे त्यांनी लिहून ठेवलं. पूर्ण निर्मळ ताट कुणाचंच नसतं. म्हणून थोडं सुधारण्यात अर्थ नाही, असं मात्र होत नाही.

"सगळ्यांनी मासे सोडले तर माझ्या आईने काय विकायचं?" हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तो विचारणाऱ्या मुलीला मी वर्गासमोर शाबासकी दिली. कोळणीची टोपली हे एका घराचं शिक्षण, औषधपाणी आणि घरभाडं असतं. नैतिक विचार करताना माशाचा जीव मोजायचा आणि या बाईचं पोट मोजायचं नाही, हा विचार अर्धवट झाला. मासेमारी करणाऱ्या समाजानेही निसर्गाची मर्यादा ओळखलेली आहे. पावसाळा माशांच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच होड्या लोटायच्या, ही रीत कायद्याच्या आधीची. आज शासनही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना बंदी घालतं. दया आणि संयम फक्त शाकाहारी घरातच राहतात असं नाही, हे मुलांना यातून कळतं.

माझी स्वतःची कारणं

पालक हमखास विचारतात, "बाई, तुम्ही खाता का?" विचारलं तर खरं सांगावं. मी चार वर्षांपूर्वी मांस-मासे सोडले. माळ घातलेली नाही. वर सांगितलेला कागदाचा हिशोब मी आधी स्वतःसाठी केला होता. जे शिजवताना मला त्याच्या जगण्याचा विचार टाळावा लागतो, ते न खाल्लेलं बरं, एवढं साधं माझं कारण. दुसरं कारण त्याहून छोटं : चवीसाठी असलेली एखादी गोष्ट आपण आपल्या मर्जीने सोडू शकतो का, हे मला बघायचं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "मंग खाशील काय गो?" त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. त्यांच्या मते मावरं नसलेलं ताट म्हणजे उपाशी ताट. घरात अजूनही मासे शिजतात, मुलं खातात, आणि सुकट भाजल्याचा वास आला की मला आजही भूक लागते. हे मी मुद्दाम सांगते. सोडलं म्हणजे आवड संपते असं नाही. हळदीला गेलं की लोक विचारतात, कुणी आजारपण आहे का म्हणून. नातेवाइकांच्या पंगतीत थोडं बाजूला पडल्यासारखं होतं. ही किंमत द्यावी लागते, आणि ती आपली आपण द्यायची असते. ती घरच्यांकडून वसूल करायची नसते.

मुलाने घरी "सोडलं" म्हटलं तर

हा भाग खास पालकांसाठी. पाठ झाल्यावर एखादं मूल घरी येऊन म्हणेल, "मी आजपासून खाणार नाही." हसू नका, ओरडू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. कारण विचारा. आठवडाभर करून बघू म्हणा. लहान वयात कायमचं वचन घ्यायला लावू नका, ते मोडलं तर मूल स्वतःला वाईट समजू लागतं.

आणि त्याच्या ताटाची जबाबदारी आपली. मासे काढले आणि त्या जागी बटाट्याची भाजी आली, तर मूल अशक्त होईल. पुढील गोष्टी बघा :

– डाळ-भात, भाकरी-उसळ, खिचडी अशी जोडी हवी. धान्यात जे प्रथिनांचे घटक कमी असतात ते डाळीत असतात आणि डाळीत कमी असलेले धान्यात. मूग, मटकी, वाल, चवळी, चणे, शेंगदाणे रोज काहीतरी असावं.
– लोहासाठी पालेभाज्या, कडधान्यं, नाचणी नि बाजरी द्या आणि वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको.
– बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध-दही नियमित हवं. तेही बंद असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी लागते. "आमच्या आजोबांना नाही लागली" यावर जाऊ नका.

वाढीच्या वयात वजन कमी होत असेल, मूल लवकर दमत असेल, तर आधी डॉक्टर, मग तत्त्वज्ञान.

वर्गाचे नियम

शिक्षक मित्रांनो, हा विषय आपल्या देशात फक्त दयेचा नाही. अन्नावरून माणसाला खालचं ठरवण्याचा मोठा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेवरील ग्रंथात खाण्याचा आणि अस्पृश्यतेचा संबंध सविस्तर मांडला आहे. म्हणून "आम्ही शुद्ध, तुम्ही अशुद्ध" हा सूर वर्गात आला की तिथेच थांबवायला हवा. प्राण्याबद्दलची करुणा माणसाच्या तिरस्काराने सुरू होत असेल, तर ती करुणा नव्हे.

पोषण आहारातल्या अंड्याचंही तसंच. राज्य शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं असा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा शासनाचा खर्च थांबला. मी स्वतः अंडं खात नाही, तरीही माझं मत स्पष्ट आहे : ज्या मुलाच्या घरी ते परवडत नाही आणि जे ते आवडीने खातं, त्याच्या ताटातून अंडं जाण्याने माझ्या शाकाहाराला काही पुण्य लागत नाही. माझा त्याग माझ्या ताटापुरता.

आमच्या वर्गात तीन नियम आहेत. कुणाच्याही डब्याला "शी" म्हणायचं नाही. जो खात नाही त्याला "एकदा खाऊन तर बघ" असा आग्रह करायचा नाही. आणि मत मांडायचं तर "मला असं वाटतं, कारण…" असं वाक्य सुरू करायचं. तिसरा नियम पाळला गेला की पहिले दोन आपोआप पाळले जातात.

स्वाध्याय

१) घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा : तुम्ही आयुष्यात खाण्यातली कोणती गोष्ट सोडली? का? (उत्तर सवय, सक्ती, वचन की विचार, ते लिहा.)
२) ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ काढा. ५५० चौरस सेंटीमीटरपेक्षा ते किती जास्त आहे?
३) मासेमारी पावसाळ्यात का थांबवतात? कोळीवाड्यात किंवा बाजारात जाऊन माहिती घ्या.
४) तुमच्याशी सहमत नसलेल्या मित्राचं मत त्याला आवडेल अशा शब्दांत पाच ओळींत लिहा.

चौथा प्रश्न सर्वांत जास्त वेळ घेतो. त्याला पूर्ण तास द्या. माझ्या वर्गात मासळी विकणाऱ्या आईच्या मुलीने माळकरी आजोबांची बाजू लिहिली आणि माळकऱ्यांच्या नातवाने कोळणीची. दोन्ही वह्या मी पालक सभेत वाचून दाखवल्या. आपापल्या शाळेत हा पाठ घेऊन बघा आणि मुलांनी कोणते नवे प्रश्न विचारले ते जरूर कळवा.